म्हैस चारा सोडते तेव्हा: पोटाचा बिघाड नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे

म्हैस आंबोणाला, म्हणजे पेंड-भुशाच्या खुराकाला, तोंड लावत नाही असे दिसले की गोठ्यात पहिला प्रश्न येतो तो "काय पाजायचे?" हाच. खाण्याचा सोडा, पाचक चूर्ण, गोडेतेल, ताक, जे हाताशी असेल ते बाटलीने घशात ओतले जाते. सोड्याचेच उदाहरण घ्या. धान्य जास्त खाऊन कोटीपोटात, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या पोटात, आम्ल वाढले असेल तर सोड्याने आराम पडतो. पण युरिया किंवा जास्त पेंडीमुळे पोट आधीच अल्कधर्मी झाले असेल, तर तोच सोडा जनावराला आणखी खाली नेतो. बाहेरून दोन्ही म्हशी सारख्याच दिसतात: चारा बंद, रवंथ बंद, दूध कमी. म्हणून पाजण्याआधी तपासणी, आणि तीही एका ठरलेल्या क्रमाने.

मालकाने स्वतः करायची तपासणी अर्ध्या तासाची आहे. थर्मामीटर, घड्याळ, एक चाळणी आणि स्वतःचा हात एवढ्यावर ती होते. पुढचे काम पशुवैद्यकाचे, पण तुमची माहिती नीट असेल तर त्यांचेही अर्धे काम सोपे होते.

आधी चौकशी

हात लावण्यापूर्वी गेल्या तीन दिवसांचा हिशोब मांडा. चारा बदलला का? सुक्या कडब्यावरून एकदम लसूणघास, बरसीम किंवा कोवळी ज्वारी सुरू केली का? लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात, पोळ्या, बुंदी गव्हाणीत टाकली का? म्हैस सुटून धान्याच्या पोत्यापर्यंत गेली होती का? पेंडीला बुरशी, मुरघासाला कुजका वास होता का? पाणी कमी मिळाले का? उन्हाळ्यात नुसता वाळलेला कडबा किंवा गव्हाचे काड आणि डोणीत अपुरे पाणी, एवढ्यावरही पोट गच्च बसते.

चारा कुठे बंद झाला आणि कसा, हे विचारा. आंबोण सोडले पण कडबा खाते, असे असेल आणि म्हैस विऊन दोन ते आठ आठवडे झाले असतील, तर मनात किटोसिस, म्हणजे दुधाच्या ताणाने ऊर्जा कमी पडण्याचा आजार, धरा. एकाच दिवसात सगळे बंद आणि दूध निम्म्यावर, असे असेल तर चाऱ्यासोबत गिळलेली तार-खिळा किंवा तीव्र आम्लता. दूध आणि वजन आठवड्या-आठवड्याने उतरत असेल तर पोटातले प्लॅस्टिक, जंत किंवा छातीच्या पडद्याचा हर्निया, म्हणजे पडदा फाटून पोटाचा भाग छातीत घुसणे. गाभण असेल तर महिना कितवा, व्यालेली असेल तर दिवस किती, वेत कितवे, हे सांगता आलेच पाहिजे. गोठ्याजवळ बांधकाम, वेल्डिंग, तारेचे कुंपण, कडब्याच्या पेंढ्यांना बांधलेली तार, यातले काही असेल तर तेही.

लांबून बघणे

म्हशीच्या मागे पाच-सहा फुटांवर, बरोबर शेपटीच्या रेषेत उभे राहा. डावी आणि उजवी कूस ताडून पाहा. निरोगी म्हशीची डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि खुब्याचे हाड यांच्यामधली खोलगट जागा, किंचित आत असते आणि चारा खाल्ल्यावर भरते.

डावीकडे फक्त वरचा भाग फुगला असेल तर वायू. डावी बाजू वरपासून खालपर्यंत भरलेली आणि जड दिसत असेल तर चारा साचलेला. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असा दोन्हीकडे फुगवटा असेल, तर अन्न पुढे सरकवणाऱ्या मज्जातंतूचा बिघाड, ज्याला व्हेगल अपचन म्हणतात. हे आकार ओळखायला सवय लागते. मोबाइलवर मागून एक फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या फोटोशी ताडल्यावर फरक स्पष्ट दिसतो.

उभी राहण्याची ढब बघा. पाठ कमानीसारखी वर, पुढचे कोपर अंगापासून बाहेर काढलेले, बसताना-उठताना कण्हणे, आणि उतारावरून खाली यायला नकार: ही जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या पोटात, काही टोचल्याची लक्षणे आहेत. सारखी उठ-बस, पोटावर मागच्या पायाने लाथ, मागे वळून कुशीकडे पाहणे: ही पोटातल्या कळेची. मात्र शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण म्हशीने असे केले तर पोटाच्या औषधात एक तासही घालवू नका. म्हशींमध्ये गर्भाशयाला पीळ पडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे आणि त्याची सुरुवात अगदी पोटदुखीसारखीच होते. डॉक्टरांनी गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून हात घालून बघितल्याशिवाय ते कळत नाही, आणि उशीर झाला तर पारडू आणि म्हैस दोन्ही जातात.

रवंथ मोजा. निरोगी म्हैस दिवसाला साधारण सहा ते आठ तास रवंथ करते आणि एक घास चाळीस ते साठ वेळा चघळते. वीस-पंचवीस वेळा चघळून घास गिळत असेल किंवा मध्येच थांबत असेल, तर चारा पूर्ण सुटण्याच्या आधीची ती सूचना समजा.

ताप, नाडी, श्वास

थर्मामीटर गुदद्वारात दोन इंच, भिंतीला टेकवून ठेवा. शेणात रुतला तर आकडा चुकतो. सावलीत, शक्यतो सकाळी घ्या. म्हशीला घाम कमी येतो आणि काळी कातडी ऊन शोषते, त्यामुळे दुपारी उन्हात उभी असलेली निरोगी म्हैसही तापलेली दिसते. सकाळचे तापमान साधारण 100 ते 102 अंश फॅरनहाइट असावे. नाडी शेपटीच्या बुडापासून वीतभर खाली, आतल्या बाजूने, बोटे टेकवून मोजा. मिनिटाला 40 ते 60 ठीक. श्वास 12 ते 25 च्या दरम्यान.

साध्या अपचनात ताप नसतो. 103 ते 104 ताप आणि त्यासोबत पाठीची कमान असेल तर टोचणाऱ्या वस्तूचा संशय पक्का होत जातो. 105 च्या वर ताप, गळ्याखाली सूज, घरघर असेल तर तो पोटाचा आजार नाही. घटसर्प मानून धावपळ करा. विऊन तीन दिवसांच्या आत म्हैस बसली, कान गार, तापमान उतरलेले, शेण बंद, मान एका कुशीकडे वळलेली, तर मिल्क फिव्हर. तिथे पोट थंडावलेले असते ते कॅल्शियम कमी पडल्यामुळे, आणि जुलाबाचे औषध पाजून काहीच साधत नाही. नाडी 100 च्या वर गेली असेल तर आजार कोणताही असो, डॉक्टर येईपर्यंत थांबण्याची वेळ संपत आली आहे असे समजा.

डाव्या भकाळीवर मूठ

या तपासणीला घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. मूठ वळून भकाळीत घट्ट दाबून ठेवा आणि घड्याळाकडे बघत दोन मिनिटे थांबा. कोटीपोट आकुंचन पावते तेव्हा मूठ सावकाश बाहेर ढकलली जाते आणि परत आत जाते. दोन मिनिटांत दोन ते चार वेळा असे व्हायला हवे. एकदाच झाले तर पोट मंद, अजिबात नाही तर बंद. उलट वायूच्या फुगीच्या सुरुवातीला आणि व्हेगल अपचनात हालचाली वाढलेल्याही असतात, पण व्हेगल अपचनात त्या दुबळ्या असतात आणि अन्न पुढे जात नाही. म्हणून संख्येसोबत जोरही लक्षात घ्या.

मग तीन उंचींवर दाबून बघा. निरोगी पोटात वर थोडा वायू, मध्ये तंतुमय चाऱ्याचा थर, खाली पातळ द्रव असतो. वर हात सहज दबतो, मध्ये थोडा विरोध होतो, खाली पाण्याचा भास होतो. बोटांनी दाबल्यावर मळलेल्या कणकेसारखा खड्डा पडून तसाच राहिला, तर कोरडा चारा साचून बसला आहे. दोन्ही हातांनी खालून झटका दिल्यावर डबडब असा पाण्याचा आवाज आला, तर आम्लता: आम्लामुळे अंगातले पाणी कोटीपोटात ओढले जाते, म्हणूनच त्याच वेळी डोळे खोल जातात. वर बोटाने टिचकी मारून डमडम आवाज आला तर वायू. हाच आवाज खालपर्यंत मिळत असेल आणि पोट टणक असेल तर फुगी गंभीर आहे.

अंगातले पाणी किती घटले हे मानेच्या कातडीवरून बघण्यापेक्षा डोळ्यावरून बघा. म्हशीची कातडी जाड, चिमटा फसवतो. वरच्या पापणीचा चिमटा घ्या आणि डोळा व खोबणीमध्ये फट पडली आहे का ते पाहा. करंगळी मावेल एवढी फट म्हणजे नुसते तोंडाने पाणी पाजून भागणार नाही, सलाइन लागेल.

शेण हा फुकटचा अहवाल

ताजे मूठभर शेण चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा. निरोगी म्हशीच्या शेणात चाऱ्याचे तुकडे अर्धा-एक सेंटीमीटरचे, मऊ दिसतात. लांब काड्या राहिल्या तर रवंथ अपुरे. अख्खे दाणे आणि साल राहिले तर धान्य पोटातून न पचता निसटते आहे. पांढरा चिकट शेंबूड दिसला तर अन्न आतड्यात रेंगाळले आहे.

पिवळसर-राखाडी, फेसाळ, आंबट वासाचे पातळ शेण: आम्लता. घट्ट, काळसर, चकतीदार, वर चिकट आवरण: पोट मंद, पानपोट (तिसरे पोट) कोरडे, किंवा ताप. थोडेसेच, काळे आणि लुकणासारखे चिकट, पुन्हा पुन्हा: छातीच्या पडद्याचा हर्निया किंवा जाळीपोटाचा जुना आजार. डांबरासारखे काळेभोर, विशिष्ट वासाचे: चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, व्रण होऊन रक्त उतरते आहे. शेण थांबले, नुसता लालसर-काळा जेलीसारखा शेंबूड पडतो आणि आधी एक दिवस म्हैस लाथा झाडत होती: आतड्यात आतडे शिरले आहे, आणि त्याला शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. अशा वेळी जुलाबाचे औषध कधीही देऊ नका.

पातळ, दुर्गंधीचा जुलाब, जबड्याखाली पाणी साचून आलेली सूज आणि पापणीचा आतला भाग फिकट असेल तर जंत. तळ्या-ओढ्याकाठी, भातखाचरात चरणाऱ्या म्हशींत चपट्या कृमींचा त्रास जास्त. येथे शेणतपासणीचा अहवाल "अंडी आढळली नाहीत" असा आला तरी निर्धास्त होऊ नका. अँफिस्टोम या कृमीची कोवळी पिल्ले आतड्यात असतानाच सगळा त्रास करतात आणि तेव्हा ती अंडी घालत नाहीत.

कोटीपोटातील रस

आम्लता की अल्कता, हा प्रश्न बाहेरून सुटत नाही. त्यासाठी डॉक्टर पोटात नळी घालून रस काढतात. पहिला 100-200 मिली रस फेकून द्यावा लागतो, कारण त्यात लाळ मिसळलेली असते आणि लाळ अल्कधर्मी असल्याने सामू (pH, आम्ल-अल्कतेचा आकडा) खोटा वाढलेला दिसतो. पुढचा रस स्वच्छ बाटलीत घेऊन लगेच, गार होण्याआधी तपासायचा.

सामूपट्टी सगळीकडे मिळते. 6.2 ते 7.2 ठीक. 5.5 च्या खाली तीव्र आम्लता. 7.5 च्या वर अल्कता. पण इथे एक खाच आहे. म्हशीने दोन दिवस काही खाल्लेच नसेल, तर आंबवण्याची क्रिया थांबते, लाळ येत राहते आणि सामू आपोआप 7 ते 7.5 पर्यंत चढतो. तो साध्या अपचनाचा आकडा आहे, युरियाच्या विषबाधेचा नव्हे. म्हणून सामूसोबत वास, रंग आणि इतिहास जोडूनच निष्कर्ष काढा. आंबट झणका आणि दुधाळ-राखाडी रंग म्हणजे आम्लता. अमोनियाचा वास आणि अलीकडेच युरिया किंवा भरपूर पेंड खाल्ल्याची माहिती म्हणजे अल्कता. काळपट-हिरवा आणि कुजका वास म्हणजे पोटातले अन्न सडले आहे.

रस जिवंत आहे का, हे बघायला दोन सोप्या चाचण्या आहेत. काचेच्या उभ्या नळीत रस ओतून ठेवा. चांगल्या रसात बारीक कण खाली बसतात आणि वायूचे बुडबुडे चिकटलेला जाड चारा चार ते आठ मिनिटांत वर तरंगतो. सगळेच झटकन खाली बसले आणि काही वर आले नाही, तर जिवाणू निष्क्रिय. काहीच वेगळे न होता सगळा फेसच राहिला, तर फेसाळ पोटफुगी. दुसरी चाचणी मिथिलीन ब्लूची: 20 मिली रसात 0.03 टक्के द्रावण 1 मिली मिसळायचे. निळा रंग तीन ते सहा मिनिटांत गेला तर जिवाणू कामाचे, पंधरा मिनिटांनंतरही राहिला तर पोट मेल्यात जमा. तिथे निरोगी जनावराच्या कोटीपोटातला ताजा रस पाजण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. सूक्ष्मदर्शक असेल तर कोमट काचपट्टीवर एक थेंब ठेवून वळवळणारे आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) बघावेत. बिघाडात मोठे आदिजीव आधी मरतात.

अन्न चौथ्या पोटातून मागे फिरते आहे का, हे रसातल्या क्लोराइडवरून कळते. लिटरला 30 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर गेले तर तसा संशय घ्यावा.

पोटफुगी: वायू की फेस

लसूणघास, बरसीम किंवा बारीक दळलेले धान्य खाल्ल्यावर वायू बारीक फेसात अडकतो आणि ढेकर येत नाही. ही फेसाळ फुगी. घशात काही अडकले, म्हैस कुशीवर पडून राहिली किंवा मज्जातंतू बिघडला, तर वायू मोकळाच असतो पण बाहेर येत नाही. फरक नळी घालताच कळतो: मोकळा वायू सूं करून निघतो आणि भकाळी डोळ्यांदेखत बसते. फेस असेल तर नळीच्या तोंडाशी नुसते बुडबुडे येतात आणि पोट तसेच राहते. नळीच पुढे जात नसेल तर घशात आंब्याची कोय, बटाटा, कंद असे काही अडकले आहे. अशा म्हशीला तेल किंवा पाणी पाजले तर ते थेट फुप्फुसात जाते.

घशात अडकल्याचे दिसते म्हणून लगेच तोंडात हात घालू नका. लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे ही पिसाळ रोगाचीही लक्षणे आहेत. गेल्या काही महिन्यांत कुत्रा चावल्याची माहिती असेल किंवा म्हैस विचित्र वागत असेल तर हातमोज्याशिवाय तोंडाला स्पर्शही नको.

तार, प्लॅस्टिक आणि छातीचा पडदा

म्हैस चारा निवडून खात नाही, जीभ गुंडाळून सगळे ओढते. तार किंवा सुई जाळीपोटात थांबते, आणि त्याच्या पुढे पडदा, पडद्यापलीकडे हृदय आहे.

खांद्यामागे पाठीवरची कातडी दोन्ही हातांनी गच्च धरून दाबा. निरोगी म्हैस पाठ खाली करते. टोचलेली करत नाही, आणि गळ्यावर स्टेथोस्कोप लावला तर कण्हणे ऐकू येते. दुसरी चाचणी बांबूची: दोघांनी पोटाखालून, छातीच्या हाडाच्या लगेच मागे बांबू धरून सावकाश उचलायचा आणि एकदम सोडायचा. गाभण म्हशीत बांबू मागे सरकू देऊ नका. एक गोष्ट ठामपणे सांगायची: म्हैस गायीपेक्षा दुखणे फार सोसते. चाचणीत कण्हली नाही म्हणून तार नाही, असा अर्थ काढू नका. मेटल डिटेक्टर वाजला तरी त्याचा अर्थ लोखंड आहे एवढाच. ते टोचले आहे की नाही हे तो सांगत नाही, कारण धडधाकट म्हशींच्या पोटातही खिळे सापडतात. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील आणि क्ष-किरणात तार पडद्याकडे तोंड करून असेल, तेव्हा निदान पक्के होते. मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या आणि पुढच्या पायांमध्ये सूज उतरली, तर तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचली आहे. अशी म्हैस सहसा वाचत नाही आणि मालकाला हे स्पष्ट सांगावे.

छातीच्या पडद्याचा हर्निया म्हशींमध्ये गायींपेक्षा अधिक आढळतो. बहुधा जुन्या तारेने पडदा कमजोर झालेला असतो आणि गाभणपणाच्या शेवटी किंवा विताना पोटावर दाब आला की जाळीपोट फाटीतून छातीत घुसते. ओळखीची खूण: विल्यानंतर काही दिवसांत सौम्य फुगी, नळीने वायू काढला की आराम, आणि पुन्हा फुगी. ताप नाही, शेण थोडे आणि काळे, म्हैस खंगत जाते. छातीवर पोटाचे गुरगुर ऐकू येते आणि हृदयाचे ठोके दबलेले किंवा सरकलेले लागतात. एकाच म्हशीला तिसऱ्यांदा फुगी झाली तर औषधाची बाटली बाजूला ठेवा आणि सोनोग्राफी किंवा क्ष-किरण करून घ्या. परळ, शिरवळ, नागपूर, उदगीर, परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत अशी तपासणी आणि शस्त्रक्रियेबाबत विचारणा करता येते.

प्लॅस्टिकसाठी मात्र खात्रीची सोपी चाचणी नाही. वजन उतरणे, चारा निम्माच खाणे, अधूनमधून फुगी, मूठ दाबल्यावर पोट ओबडधोबड लागणे, आणि बाकी सगळे अहवाल ठीक: अशा वेळी पोट उघडूनच कळते.

डॉक्टर येईपर्यंत

धान्य आणि आंबोण बंद ठेवा. फुगी असेल तर म्हशीला पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करा आणि बसू देऊ नका. कडुनिंबाची जाड काडी लगामासारखी तोंडात आडवी बांधली तर चघळून लाळ वाढते आणि ढेकर सुटायला मदत होते. फेसाळ फुगीची खात्री असेल, म्हैस नीट गिळत असेल आणि डॉक्टरांनी फोनवर होकार दिला असेल तरच 250 ते 300 मिली गोडेतेल पाजावे. पाजताना तोंड पाठीच्या रेषेच्या वर उचलू नका, जीभ ओढू नका, खोकला आला की लगेच थांबा. बसलेल्या किंवा गुंगीतल्या म्हशीला काहीही पाजू नये.

1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. फोन करताना एवढे सांगा: वेत, गाभण महिना किंवा विऊन झालेले दिवस, चारा कधी सुटला, तापमान, नाडी, दोन मिनिटांतल्या पोटाच्या हालचाली, कूस कुठे फुगली, शेण कसे, आतापर्यंत काय काय पाजले. शेवटचे लपवू नका, सोडा पाजला असेल तर सामूचा आकडाही बदललेला असतो. शेणाचा नमुना जमिनीवरचा न घेता थेट गुदद्वारातून, रुंद तोंडाच्या बाटलीत, काठोकाठ भरून घ्या आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फाच्या पिशवीसोबत ठेवा.